शिंपिणीला दिलेला दोरा

८ जुलै १९९८
परसातल्या पेरूवर शिंपीण पाखरानं घर मांडलंय. पान दुमडून चोचीनं टाके घातलेत! पोरी भरतकाम सोडून तिथंच. मी तरी कुठं आत होते. कापडावर नक्षीचा छापा मारायचा नाही, समोर बघून भरायचं, हा माझ्या क्लासचा नियम. आता समोर आमच्याच धंद्यातली बसलीय. प्रदर्शनाच्या मोठ्या कापडावर हिलाच भरणार. ठरलं.

११ जुलै
कापूस शोधत फिरते बिचारी. सुमन कागलहून क्लासला येते, लई मायाळू पोरगी. म्हणाली, "बाई, आपल्याकडं रग्गड दोरे हायत की. देऊया तिला." उरलेले तुकडे दोरीवर टांगले. हिरव्या चमकी दोऱ्याचे लांब तुकडे मी घातले, पानात खपून जावेत म्हणून. नेले की पठ्ठीनं! पोरींनी टाळ्या पिटल्या.

२ ऑगस्ट
तीन पिल्लं. नुसत्या चोचीच. कापडावर पानं भरून झाली, पिल्लं बाकी. बघत बसले आणि भात करपला. हे म्हणाले, "घरात माणसं जेवायची हायत, ध्यान हाय न्हवं?" असू दे.

१२ ऑगस्ट
दोन उडाली. तिसरं नुसतंच फडफडतंय. स्टुलावर चढून बघितलं. पायाला चमकी दोऱ्याचा फास, दुसरं टोक पानात शिवलेलं. सुती असता तर तुटला असता, हा नायलॉनचा. देवा. कात्री जवळ नेली की पिल्लू उसळतं, फास आणखी आवळतो. आई फांदीवर ओरडून जीव काढतेय.
हे खालून, "काप की! बघत काय बसलीस?"
अंधार पडेपर्यंत खटपट केली. जमलं नाही.

१३ ऑगस्ट
सकाळी सुमननं स्टूल धरलं, मी दोरा कापला. पायातला फास मात्र रुतलेला, तो तसाच राहिला. पिल्लू खाली पडलं, फरफटत शेजारच्या कुंपणात शिरलं. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "आधी सापडू तरी दे." सगळी दुपार शोधलं. सुमन रडायला लागली, "मीच म्हटलं होतं, द्या म्हणून." गप बस म्हटलं. चमकी मी घातली होती, तिनं नाही.

१६ ऑगस्ट
कुंपणात आवाज नाही. मेलं का उडालं, कळायला मार्ग नाही. सुई ओवली, तशीच ठेवून दिली. क्लासला सुट्टी दिली.

२० ऑगस्ट
शिंपीण परत आलीय. दुसरं घर बांधायचं दिसतंय. दोरीवरचे दोरे मी कधीच काढलेत, तर खिडकीत येऊन माझ्या कापडाची दशी ओढते! हाकलली. परत आली. खिडकी लावून घेतली, तर समोरच्या टेलरमामांच्या ओट्यावर. तिथं नायलॉनचा ढीगच. तशीच पळत गेले.
"मामा, तेवढे दोरे उचला की."
"आज उचलतो. पर आपल्या मंगळवार पेठेत दोरं कुठं न्हाईत, वैनी?"
परत फिरले तर ती चोचीत काहीतरी धरून माझ्या डोक्यावरनंच गेली. कसला दोरा होता, दिसला नाही.