थेंब, गोळी आणि सुमनचा शालू

३ फेब्रु.
डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला सांगितलंय, भीती दहापैकी किती. म्हणून ही वही. आज भी. ८. मागावर बसलो, धोटा चारदा फेकला, छाती धडधडायला लागली, उठलो. सुमनचं लग्न दोन महिन्यांवर. लेकीचा शालू बापानंच विणायचा, वडगावात आमच्या घरी असंच चालत आलंय. वीतभरही झालेला नाही.

५ फेब्रु.
सीबीडीचे थेंब सुरू, जिभेखाली. गांजाच्याच झाडाचा अर्क म्हटल्यावर बायकोनं, लक्ष्मीनं, कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या झाडात अर्क पुष्कळ. टीएचसीनं नशा येते, जास्त झाला तर भीती उलट भडकते. सीबीडीला नशा नाही, काहींची भीती उतरते. "पण खात्री देत नाही, पुरावा अजून कच्चा आहे." खरं बोलणारी बाई. भी. ७.

१२ फेब्रु.
भी. ६. दोन वीत विणलं. थेंबांमुळे का आपोआप, देव जाणे. बरं वाटलं खरं.

१५ फेब्रु.
मेव्हणा परशा निपाणीहून आलेला. "दाजी, ह्ये थेंब काय चाटत बसलाय? झाड त्येच न्हवं? ह्यात जोर हाय." भांगेच्या दोन गोळ्या ठेवून गेला. लक्ष्मीला बोललो नाही.

१६ फेब्रु.
सकाळी एक घेतली, मागावर बसलो. अर्धा तास काहीच नाही. जन्म सूत रंगवण्यात गेला. रंग फिका आला की दुसरी बुडी द्यायची, एवढंच ठाऊक. दुसरी घेतली. गाढव मी. पोटातली गोळी उशिरा चढते. दोन्ही एकदम चढल्या. ताण्याचे उभे धागे छातीला आवळतायत असं वाटलं, खरंच वाटलं. मरतोय म्हणून कात्री घेतली.
लक्ष्मी धावत येईतो अर्धा ताणा कापला होता. सुमन दारात उभी.

१७ फेब्रु.
डोकं जड. सगळं सांगून टाकलं. लक्ष्मी एवढंच म्हणाली, "मला इचारायचं तरी." कात्री तिनं कमरेला खोचली. लाज वाटते. भी. ९.

१९ फेब्रु.
डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "भांगेत टीएचसी असतो. तुम्हाला तो नकोच. आणि थेंबही मनानं वाढवायचे नाहीत." परशाचा फोन आला, उचलला नाही.

२१ फेब्रु.
तिघं मिळून सांधतोय. तुटलेला धागा धाग्याला पिळून जोडायचा, असे शेकडो. सुमन म्हणाली, "आप्पा, गाठी दिसतील व्हय?"
"दिसतील गं."
"दिसू देत."
पुढं तिच्याकडं बघवेना.

२४ फेब्रु.
ताणा सांधून झाला. भी. ५ लिहिणार होतो. पण विणताना सुटलेलं सूत कातरायला कात्री लागतेच. लक्ष्मीनं कमरेची काढली, माझ्या उजव्या हाताशी ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. मागं वळून पाहिलं नाही तिनं.
धोटा अजून फेकलेला नाही. वही मांडीवर घेऊन बसलोय. आकडा चहा झाल्यावर लिहीन.