पिंप अजून काम करतंय

वॉस, २ नोव्हेंबर १९३१

ती. रांदीमावशींस,
गिरीदचा सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? लंगडं मांजर? इकडे सासूबाई बऱ्या आहेत, दागरोस गाय दूध देते. मीही बरी आहे, लोक काही का म्हणेनात.

माझ्या हाल्वरची होडी तळ्यात उलटी सापडली, तो नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आदल्या संध्याकाळी त्यानं बिअरच्या पिंपात खमीर ओतलं आणि रिवाजाप्रमाणे असा ओरडला की कोंबड्या उडाल्या. निघताना म्हणाला, मी आल्याशिवाय पिंप उघडू नकोस. आता शेजारी म्हणतात, बिअर कधीच झाली, त्याच्या नावानं वाटून टाक. पण मावशी, मी रोज झाकणाच्या फटीतून मेणबत्ती धरते आणि ती विझते. पिंप अजून काम करतंय, आत बिअर फसफसतेय. म्हणजे तो यायचाय. मी तळघरातच जमिनीवर निजते हल्ली. डोकं फार दुखतं.

तुमची गिरीद

बर्गन, ५ नोव्हेंबर

चि. गिरीद हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, काका खोकतात, मांजर दोघांचं खातं. आमचं राहू दे. आधी अंथरूण वर ने, पत्र हातात असतानाच! वेडाबाई, पिंपातली हवा जड, पाण्यासारखी खाली साचते. ज्योत विझवते ती माणसालाही विझवते.

ती ज्योतीची खूण हाल्वरला मीच शिकवली. पण झाकण लावून ठेवलं, की काम संपलं तरी जुनी हवा आत कोंडून राहते. तीच तुझी मेणबत्ती विझवते गं. दार उघड, झाकण काढ, वारा खेळू दे. मग ज्योत धर आणि चाखून बघ. गोडी उरली असेल तर थांब. नसेल तर, बाळे, झाली. माझी घाई नाही. पण आंबट बिअर त्याच्या नावानं वाटलीस, तर तो तिकडूनही शिव्या घालेल.

तुझी मावशी

वॉस, ९ नोव्हेंबर

ती. मावशींस सा. न.

अंथरूण वर आणलं. सासूबाईंशेजारी निजते, त्या करवतीसारख्या घोरतात. डोकं दुखायचं थांबलं. दार उघडलं, झाकण काढलं. आज ज्योत ताठ उभी राहिली. किती वेळ धरून बसले, हलेचना. चाखली. कडसर, गोडीचं नाव नाही. रविवारी शेजाऱ्यांना यायला सांगितलंय.

पहिला वाडगा भरून मी जिना चढत होते. मागून, रिकाम्या तळघरातून, आरोळी आली. खमीर ओतताना मारतात तशीच. मी म्हटलं असतं, माझंच डोकं फिरलं. पण अंगणात कोंबड्या उडाल्या, आणि सासूबाईंनी फडताळातून त्याचा वाडगा काढून पुसायला घेतला.

मावशी, बिअर झाल्यावरही कुणी ओरडतं का हो? तुम्हाला सगळं ठाऊक असतं. माया आहेच, ती असू द्या, पण उत्तर रविवारच्या आत धाडा.

तुमची गिरीद