घरचं गिऱ्हाईक

प्रिय ताई,

नुसतं 'ताई' लिहिणार होते, पण ते ऑर्डर सोडल्यासारखं वाटलं. ऑर्डर सोडायची इतकी सवय झालीय मला की घरातली मांजरसुद्धा मी आले की सरळ बसते.

पत्र बघून तुला वाटलं असेल, कोण गेलं? कोणी नाही गेलं. सगळे ठणठणीत, आत्याचे गुडघे सोडले तर. तिला जिने झेपत नाहीत, म्हणून तळमजल्यावरच्या एका छोट्या घरात हलवतोय. रविवारी मीच गेले आवरायला. दोन माणसं पाठवली असती तरी भागलं असतं, पण म्हटलं, जरा हात चालवू. नको होतं जायला.

माळ्यावर खोकी होती. धूळ झटकली तर खाली आपल्या दुकानाचा जुना हिरवा कागद, आणि वर दोरीची ती गाठ. माझी गाठ गं. काचसामानाच्या काउंटरवर होते तेव्हा गिऱ्हाइकाच्या बोटाला दोरी काचू नये म्हणून मी तिला तिहेरी पीळ द्यायचे, आणि तू समोरून, चपला-बुटांच्या काउंटरवरून ओरडायचीस, "ए, पार्सल बांधतेयस की वेणी घालतेयस?" त्या वेण्या, एकावर एक, पार छतापर्यंत. खोक्यांवर माझ्याच अक्षरात: कपबश्या, सुरया, सरबताचे पेले. एकही गाठ कुणी सोडलेली नाही.

मी स्टुलावरूनच विचारलं, आत्या, हे काय? ती खाली मजेत चहा पीत बसलेली. म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांनीच घ्यायला लावलं होतं ना हे मला! मी स्वतः कशी येणार? मग मी शेजारणी पाठवायचे, कामवाली पाठवायचे, डॉक्टरांची बायको एकदा. धाकटीकडूनच घ्या म्हणाले होते तुझे बाबा, आणि मोठीला कळू देऊ नका." मग माझ्याकडे नीट बघितलं तिनं. "तुला ठाऊक नव्हतं? चल, नाटकं नको करूस."

नव्हतं ठाऊक. तू विश्वास ठेव किंवा नको ठेवू. आजोबांचा नियम तूच मला समजावला होतास, मी नवा युनिफॉर्म घालून आरशासमोर मिरवत होते तेव्हा. घरातल्या पोरानं आधी वर्षभर काउंटरवर उभं राहायचं, सगळ्यांसारखं. घरच्या कुणी त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, कुणाला पाठवायचंही नाही. ज्याची विक्री जास्त, दुकान पुढे त्याच्या हातात. वर्ष संपलं त्या दिवशी तू तुझा युनिफॉर्म घडी करून टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "तू खरंच भारी विकतेस गं. मला नाही जमलं." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर आज बरं झालं असतं.

बाबांनी असं का केलं, ते स्टुलावरून उतरता उतरता कळलं. ती जाडशी बाई आठवते, लेकीच्या लग्नाला बूट घ्यायला आलेली? तू तिला सांगितलंस, "काकू, हा तुम्हाला चावणार, नका घेऊ." संध्याकाळी बाबा ताटावरून कडाडले, माझ्याच दुकानात माझीच पोरगी गिऱ्हाईक परत पाठवते! तू शांतपणे म्हणालीस, "परत पाठवलं नाही बाबा, परत येईल असं पाठवलं." मला हसू फुटलं होतं, पण बाबांकडे बघून गिळलं. बस, तिथंच ठरलं असणार. त्यांना विकणारी नको होती, हसू गिळणारी हवी होती.

आणि मी त्यावर केवढा डोलारा उभा केला! एका दुकानाची किती झाली ते तू पेपरात वाचत असशीलच. नव्या पोरांची प्रत्येक तुकडी आली की माझं तेच भाषण, मी काउंटरवरून वर आलेय, मला कुणी हात दिला नाही. खेळण्यांच्या विभागात एक बुजरा माणूस होता. म्हणाला, मॅडम, माझ्या कोपऱ्यात गिऱ्हाईकच फिरकत नाही. मी ऐटीत सांगितलं, गिऱ्हाईक येत नसतं, आणावं लागतं. काढला त्याला. हे वाक्य हल्ली आंघोळ करतानाही आठवतं आणि अंगावर पाणी घ्यायचं राहून जातं.

पण जुनं उगाळायला नाही बसले मी. दुकानात सध्या घरची दोन पोरं काउंटरवर आहेत. माझे चिरंजीव पडद्यांच्या विभागात. आणि तुझी लेक. हो, तुझीच. तुला सांगितलंय तशी ती कुठल्या ऑफिसात ट्रेनिंगला वगैरे नाही. "मावशी, आईला कळलं तर ती मला ओढत घरी नेईल," म्हणाली, आणि मला शपथ घातली. चपला-बूट तिनं स्वतः मागून घेतले. ती लोकांना नका घेऊ म्हणून सांगते आणि तेच लोक शेजारणीला घेऊन परत येतात. चिरंजीव पार मागे पडलेत. आत्याकडून आले तेव्हा वाटलं होतं, तुला फोन करेन. केला तो हॉटेलवाल्या मैत्रिणीला. "पडदे बदलायचे होते ना तुला? आमच्या पोराकडून घे. माझं नाव काढू नकोस." सगळं कळल्यावर, ताई! बाबांचेच शब्द, आवाजसुद्धा तोच. काल ऑर्डर आली. पोरगं नाचत घरात शिरलं, "आई, एवढी मोठी ऑर्डर, मी एकट्यानं!" आणि मी त्याची पाठ थोपटली. वर्ष संपत आलंय. ऑर्डर रद्द करणं माझ्या हातात आहे, पण मी मला ओळखते. मी ती करणार नाही, उलट आणखी एक फोन करेन. म्हणून तुझ्या लेकीची शपथ मोडतेय. तू ये. मला माफ करायला नको, माझ्याशी गोड बोलायलाही नको. दुकानात, दोन्ही पोरांसमोर, मला एवढंच विचार की पडद्यांचं गिऱ्हाईक कुणी पाठवलं. तू विचारलंस तर मला खोटं बोलता येणार नाही. दुसऱ्या कुणी विचारलं तर येईल.

तुझीच, पण अजून भरवशाची नसलेली,
धाकटी