पायांकडची वाळू

प्रिय ओदिलियाताई,

नऊ वर्षांनी लिहितेय. एक गोष्ट तुला सांगायचीच आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला मला वेळ लागेल, तेवढा दे. माझे गुडघे गेलेत. मेक्सिको शहरातली खोली तीच आहे. आणि सतरा सिनेमांत मोलकरीण झाल्यावर अठराव्यात मला एप्रनशिवाय काम मिळालं. मी डोंगरातली चेटकीण आहे. शहरातली एक गोरी, उर्मट मुलगी आपल्यासारख्या गावात येते आणि मी मंत्र म्हणून तिची टर्की करून टाकते. पुढे दीड तास ती पंख फडफडवत घर शोधते आणि लोक पोट धरून हसतात. पेपरात आलंय, अखेर पडद्यावर सगळ्या प्रकारची माणसं दिसली. म्हणजे मी दिसले. तरी पहिल्याच प्रसंगात मी त्या मुलीला ट्रेमधून गरम चॉकलेट नेऊन देते. रंगभूषेवाली मला आणखी काळं करत होती. मी म्हटलं, बाई गं, देवाने दिलाय तेवढा रंग पुरत नाही का, तर म्हणे, मावशी, दिव्यांत तुम्ही फिक्या दिसता. आताशा वाद घालायचासुद्धा कंटाळा येतो.

मंत्र कागदावर लिहिलेलाच नव्हता. तिथे फक्त होतं, 'तिच्या भाषेत काहीतरी.' मी दिग्दर्शकाला, फाबियानला, विचारलं काय म्हणू, तर तो म्हणाला, मावशी, काहीही बोला हो, इथे कुणाला कळतंय. खरंच होतं. साठ माणसांत आपली सापोतेक भाषा कळणारी मी एकटी. मग मी घेवड्याची नावं घेतली, आपल्या शेळ्यांची घेतली, तुझ्या नवऱ्याला दोन शिव्याही हासडल्या. फाबियानचं समाधान होईना. तेराव्या वेळी पाय सुजून चपलेत मावत नव्हते आणि समोर कोपालचा धूप जळत होता. तोच वास, ताई, आई गेल्यावर नवव्या दिवशी आपल्या घरात दरवळला असेल तो. चौदाव्या वेळी माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फाबियान म्हणाला, हेच, हेच खरं वाटतं. पडद्यावर खाली अक्षरं येतात, 'वाऱ्या, हिला पिसं फुटू दे,' आणि लोक हसतात.

आईला जिथे ठेवलं होतं तिथे जमिनीवर घातलेला वाळूचा क्रूस नवव्या दिवशी उचलायचा होता. डोक्याकडची वाळू तू, पायांकडची मी. शूटिंगमधून सोडत नाहीत, असा मी निरोप धाडला. तू दोन तास सगळ्यांना थांबवलंस, आणि शेवटी पायांकडची वाळू शेजारणीने उचलली. तू उलट निरोप पाठवलास, 'परक्यांच्या घरी खोटी कॉफी वाढायला तुला वेळ आहे.' ते मी नऊ वर्षं मनात धरून बसले, जसा काही अन्याय माझ्यावरच झाला होता.

गावच्या पंचायतीतून काल फोन आला. जत्रेच्या दिवशी बास्केटबॉलच्या मैदानात चादर बांधून आमचा सिनेमा दाखवणार आहेत, आधी बँड, आणि पहिल्या रांगेत मधली खुर्ची नटीच्या बहिणीला. मी फाबियानला म्हटलं, तो मंत्र बदल. तो म्हणाला, आता सगळं तयार झालंय, आणि तेवढीच तर जागा अस्सल आहे. आपल्या मैदानात खालची अक्षरं कुणी वाचणार नाही, ताई. सगळे ऐकतील. मी त्या मंत्रात म्हटलंय: 'ओदिलिया, त्या दिवशी शूटिंग नव्हतंच. दोन दिवसांपूर्वीच संपलं होतं. मी तिकीट हातात घेऊन स्टँडवर बसले आणि बस जाऊ दिली. आई गावभर सांगायची, माझी धाकटी मोठी नटी आहे. तिच्या क्रुसासमोर सगळे मला विचारणार होते, कसली नटी. मला लाज वाटली, आईची नाही, माझी.' हे साऱ्या गावाच्या आधी तू एकटीने माझ्याकडून ऐकावंस, म्हणून हे पत्र. जत्रेच्या दिवशी मी येतेय, या वेळी बस सोडणार नाही. खुर्चीवर बसायचं की नाही ते तू ठरव. बसलीस, तर शेजारची माझ्यासाठी धरून ठेव.

उशिरा का होईना, तुझीच धाकटी,
एदेल्मिरा