डॉक्टरसाहेबांचं निंदण

४ ऑगस्ट, अमरावती
रुजू झालो. नव्या पीएचडीवाल्यांना आपल्या मुलखाचे रिसर्च लायब्रेरियन बनवायची स्कीम आहे. साधना मॅडम शिकवणार. ट्रेनी दोघंच: मी आणि अकोल्याची डॉ. आचल. दोन महिन्यांनी एकालाच कायम करणार. आचल हुशार आहे, पण गप्प असते. गप्प माणसाची आजकाल किंमत नाही.
बायकोला, प्रणालीला फोन केला. म्हटलं, अकोल्याच्या तासिकांचा राजीनामा लिहून ठेव, आता दोघं अमरावतीतच राहू. ती म्हणाली, आधी नोकरी लागू तं द्या. बायकांना दूरदृष्टी नसते.
संकल्प: पहाटे उठणे. तोंडून एकही मले-तुले येऊ न देणे.

११ ऑगस्ट
उठलो नाही. हवा कुंद.
आज वीडिंग. म्हणजे शेल्फवरची नको ती पुस्तकं काढणे. मी ताडकन म्हणालो, म्हणजे निंदण! मॅडम हसल्या. शेतकऱ्याच्या पोराला निंदण काय शिकवायचं? त्या पुढे बरंच बोलल्या. बाहेर कुठंच मिळत नाही ते आपण सांभाळायचं, वगैरे. आचल लिहून घेत होती. मी डोक्यात ठेवलं.
मॅडम नागपूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, नुसत्या चिठ्ठ्या लावा, काय काढायचं ते मी आल्यावर पाहू.

२० ऑगस्ट
चिठ्ठ्यांचं काम कारकुनी. मी इनिशिएटिव्ह घेतला. रद्दीवाल्या नत्थुजीला बोलावलं.
जाड, बांधीव, पुण्या-मुंबईची आणि परदेशी ती ठेवली. पातळ, टाचलेली, गावठी ती उपटली. जत्रेची पत्रकं, शाळांचे अंक, गाण्यांच्या चोपड्या. एकीचं तर नावच ‘माह्या मायची गानी’. कव्हरवरच अशुद्ध! आत बघायची गरजच पडली नाही.
शेल्फ निंदलेल्या वावरासारखं लख्ख दिसतंय. आचल बिचारी खेड्यापाड्यांतून असल्याच चोपड्या पिशवी भरभरून आणते आहे. मी काढतो, ती आणते. पोस्ट माझीच.

३१ ऑगस्ट, अकोला
प्रणालीला सगळं सांगितलं. वाटलं, कौतुक करेल. भाकरी थापता थापता म्हणाली, निंदणाऱ्या बाईले पयले पीक वळखता याले पाह्यजे, नाही तं थे कपाशीची पऱ्हाटीच उपटते.
लायब्ररी सायन्स तिचा विषय नाही. मनावर घेतलं नाही. जेवण मात्र गेलं नाही.

९ सप्टेंबर, अमरावती
तिवशाहून मनकर्णाबाई आल्या. बरोबर नात, पायल. बाईंचे भाऊ देवराव दीक्षेच्या साली गावोगाव गाणी म्हणत फिरले. पुढे त्यांनीच ती छापली. भाऊ गेला, घरची प्रत वाळवीनं खाल्ली. एक मागे बाईंनी स्वतः आणून आमच्या लायब्ररीत दिली होती. येत्या धम्मचक्र दिनाला पायलला विहारात ती गाणी म्हणायची आहेत. म्हणाल्या, मले अर्धंच याद हाय बाप्पा, थेबी मी हाय तवरक.
पुस्तकाचं नाव विचारलं. ‘माह्या मायची गानी’.
म्हटलं, बाइंडिंगला गेलंय.

१० सप्टेंबर
नत्थुजीकडे गेलो. म्हणाला, साहेब, थे तं कवाचंच लगद्याले गेलं.
घाबरण्यासारखं काही नाही. दुसरी प्रत असणारच. खरा लायब्रेरियन काहीही शोधून काढतो.

१९ सप्टेंबर
अकोल्यात नाही. एसटीनं अचलपूरला जाऊन आलो, तिथेही नाही. कंबर धरली.
आचलला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, थे पुस्तक मी बी शोधून राहिली. तिवशात सारे म्हनतात, एकच होतं, थे तुमच्याच लायब्ररीत हाय.
मी हवापाण्याचा विषय काढला.

२४ सप्टेंबर
मनकर्णाबाई परत आल्या. सांगितलं, बाइंडिंगवाल्यानं हरवलं. म्हणाल्या, मंग अर्धं तरी लिहून घ्या. तुमी डॉक्टर आहा.
देवच पावला! त्या म्हणू लागल्या. आवाज फाटका, पण माझं पेन मध्येच थांबलं. शाई सुकली असावी. आचल म्हणाली, रेकॉर्ड करा. म्हटलं, लिहिणारा समोर बसलेला असताना यंत्र कशाला? लिहिता लिहिताच शुद्ध करत गेलो. ‘माय माही’ खोडून ‘माझी माता’. ‘विहिरीपाशी तिष्ठे माझी माता, तिज लाभले न पाणी.’ आता हे टिकेल.

२९ सप्टेंबर
मनकर्णाबाई कागद न्यायला आल्या. पायलनं वाचून दाखवलं. बाई आधी पुढे झुकून ऐकत होत्या. मग मागे टेकल्या. म्हणाल्या, हे देवरावचं नोय.
पायल कागदाची घडी घालायला लागली, तर म्हणाल्या, राहू दे माय, थे त्यायचं हाय.
नागपूरहून परतलेल्या साधना मॅडम दारातच उभ्या होत्या. मूळ पुस्तक कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. सांगावं लागलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
पोस्ट आचलला.

३ ऑक्टोबर, अकोला
प्रणाली तासिकेला गेली आहे. राजीनामा तिनं लिहिलाच नव्हता.
काल दसरा, धम्मचक्र दिन. विहारात पायलनं काय म्हटलं असेल?
सकाळी आचलचा फोन आला. रेकॉर्डर घेऊन ती तिवशाला गेली होती. मनकर्णाबाई म्हणाल्या, आता नाही म्हनत पोरी. एक डाव देऊन पाह्यलं.
संकल्प: बाईंचे मूळ शब्द आठवून लिहून काढायचे. मी समोरच तर बसलो होतो. आणि ही माझ्याच घरची बोली. दार लावून घेतलं, कागद पुढे ओढला.
माय माही.
पुढचं सगळं मी लिहिलेलंच आठवतंय.