राजधानीत राहणाऱ्यांचं मत

बाई, माझ्या लेकीचा प्रबंध मंजूर झाला. क्योतोच्या विद्यापीठातल्या तिच्या मार्गदर्शकांनी, म्हणजे तिच्या सेन्सेईंनी, आज सकाळी मेलवर तसं कळवलं आणि तिने तो मेल मला पाठवला. सगळी नोकरी वर्तमानपत्रात गेली, त्यामुळे आधी बातमी आणि मग ती कोणी पक्की केली, हीच सवय. इथे तोक्योत, निशी-कसाईतल्या घरी बसून अजूनही बातम्यांचंच काम करते.

प्रबंध कॅनबेरावर आहे. सिडनी आणि मेलबर्न, दोघांनाही राजधानी आपल्याकडे हवी होती, म्हणून ऑस्ट्रेलियाने तिसरीकडे मेंढ्या चरायची जमीन घेतली, ती कुठल्याच राज्याची नाही असं ठरवलं आणि तिथे राजधानी वसवली. पण तिथे राहायला गेलेल्या माणसांचा संसदेत कितीतरी वर्षं प्रतिनिधीच नव्हता. लेकीने लिहिलंय ते त्या माणसांबद्दल.

तुम्हाला आठवीचा वर्ग आठवत असेल. पुस्तकांची पेटी आपल्याच रांगेत हवी म्हणून आम्ही भांडत होतो. तुम्ही राज्यघटनेचा धडा मिटलात, खिडकीजवळ खडूने चौकोन आखलात आणि म्हणालात, "ही राजधानी. ही कुठल्याच रांगेची नाही." पेटी तिथे गेली आणि ती सांभाळायला मी आणि माझी मैत्रीण रांग सोडून तिथेच बसायला लागलो. दोघींचा रुबाब काय वर्णावा! मग वर्गप्रतिनिधी निवडायची वेळ आली. प्रत्येक रांगेचा एक. मी उभी राहते. "बाई, आमच्या दोघींचं मत कुठल्या रांगेत?"

मागून एक मुलगा ओरडतो, "राजधानीवाल्यांना मत कशाला? सगळी पुस्तकं तर तुमच्याच घशात!"

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "पुस्तकं राखणं वेगळं आणि आपल्या वतीने बोलणारं कोणी असणं वेगळं," तुम्ही त्याला म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "चूक माझी. चौकोन आखताना त्यात माणसं बसणार हे मी धरलंच नाही." शिक्षक स्वतःची चूक भर वर्गात सांगतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या वर्षी चौकोनाचाही एक प्रतिनिधी झाला.

ही गोष्ट मी लेकीला पोळ्या लाटताना सांगायचे. ती जपानीत उत्तर द्यायची, मी मराठीत पुढे बोलायचे. गेल्या वर्षी सेन्सेईंनी तिला सांगितलं की रहिवाशांचं प्रकरण काढून टाका, नगररचनेच्या प्रबंधात ते बसत नाही. ठेवलं तर परीक्षक सगळाच प्रबंध परत पाठवतील, अशी भीती होती. तसं झालं असतं तर शिष्यवृत्ती संपून तिला अर्ध्यावर सोडावं लागलं असतं.

मी फोनवर म्हटलं, "काढ की गं. मी रोज लोकांचे परिच्छेद कापते, कोणी मरत नाही."

"आई, तू बातमी कापतेस. मी माणसं कापू?"

"बरं, शहाणे. पुढे?"

"पुढे काही नाही. दाइजोबू."

दाइजोबू म्हणजे काळजी करू नकोस. काळजी केलीच. तिने प्रकरण ठेवलं. तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच आले आणि आज सेन्सेईंनी लिहिलंय की प्रबंधाचं बळ त्याच प्रकरणात आहे, ते काढायला सांगण्यात माझी चूक झाली. बाई, ते वाक्य मी उभ्यानेच पुन्हा पुन्हा वाचलं.

दुपारी कचरा ठेवायला खाली गेले तर शेजारच्या आजी भेटल्या. त्यांना कुठून तरी कळलं होतं. "किती हुशार मुलगी!" इथे आपल्या मुलांचं कौतुक झालं की आईने ते लगेच परतवायचं असतं. मीही कमरेत वाकून म्हटलं, "छे छे, अजून काही येत नाही तिला." इतक्या वर्षांत ते सफाईने जमायला लागलंय.

तुम्ही जाऊन खूप वर्षं झाली, हे पत्र कुठे जाणार नाही. पुढच्या महिन्यात लेक पुढच्या संशोधनासाठी कॅनबेराला जाईल, तिथल्या म्हाताऱ्या रहिवाशांशी बोलेल. त्याआधी शनिवारी घरी येणार आहे. आजी जिन्यात तिला गाठतील, पुन्हा कौतुक करतील, मी पुन्हा वाकून छे छे म्हणायला जाईन. या वेळी मात्र, लेक शेजारी उभी असताना, तिला काही येत नाही हे मला म्हणवेलसं वाटत नाही.