जैसलमेरचा वारा, रत्नागिरीतून

१ एप्रिल
उन्हाळ्याचा अंदाज आला. पश्चिम राजस्थान: तापमान सरासरीपेक्षा जास्त, उष्णतेच्या लाटांचे दिवस नेहमीपेक्षा अधिक. नकाशावर जैसलमेर गडद लाल. आमची केतकी नेमकी तिथेच. इंजिनिअर झाली, पहिली नोकरी लागली ती पवनचक्क्यांच्या साइटवर. आम्ही आई-बापांनीच पेढे वाटले होते.

विनयला नकाशा दाखवला. तो आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत होता. "कोकणाचं काय म्हणतायत?" एवढंच. मग थोड्या वेळाने, मान वर न करता, "लाल म्हणजे किती गो?"

माहीत नाही. सरासरीपेक्षा जास्त म्हणजे एक अंश की चार, हे नकाशा सांगत नाही. अशा उत्तराला मी शाळेत अर्धाच गुण दिला असता.

५ एप्रिल, रविवार
केतकीचा फोन. आवाज खणखणीत. "आई, इथे खरंच बरं आहे गं. बेचाळीस झालं तरी घाम नाही! तुमच्या रत्नागिरीत छत्तीसलाच ओढणी पिळायची वेळ येते. इथे कुर्ता सकाळी घातला तसा संध्याकाळी."

"तुमच्या" रत्नागिरीत. असो.

विनयला सांगितलं. "कोरडं ऊन, सोसतं," म्हणाला. मलाही पटलं. बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

९ एप्रिल
आज केतकीकडून नवीन कळलं. वारा ठरावीक वेगापुढे गेला की टॉवरवर चढू देत नाहीत, खाली ऑफिसात बसायचं. वारा पडला की वर. वर पंख्यांच्या मागे यंत्रांची खोली असते. "भट्टी असते गं," म्हणाली आणि लगेच, "म्हणजे अगदी तशी नाही."

म्हणजे मला वारा हवा. रोज सकाळी आधी तिकडचा वारा बघते. जोराचा असला की दिवस बरा जातो.

आज इथेही सुटला होता. मिरकरवाडा बंदरातून होड्या गेल्याच नाहीत, मासळी नाही. बागेत फळगळ. विनय पडलेले आंबे टोपल्यांत भरून आला, सगळे कवडीमोलाने कॅनिंगला जाणार. वर्षभराची मेहनत. "हा मेला वारा थांबेल तर शप्पथ!" मी हो म्हटलं. मनात मात्र तिकडच्या वाऱ्याला थांबू नकोस म्हणत होते.

१३ एप्रिल
विनय: "बागेचा अंदाज बघ म्हटलं तर तुला वेळ नसतो. जैसलमेर मात्र तोंडपाठ."
केतकीला हे सांगितलं तर खो खो हसली. "आई, तू हवामान खातं उघडलंयस काय? आमच्या साइट इन्चार्जला नंबर देऊ तुझा?"
मीही हसले. नंतर वाटलं, तिला हे ओझं होत असेल का? रोज विचारणं बंद करावं. एक दिवसाआड.

१४ एप्रिल
विचारलंच.

१८ एप्रिल
सातवीचे पेपर. प्रश्न: बाष्पीभवनाचा वेग कशाकशावर अवलंबून असतो? मुलांनी पाठ करून लिहिलंय. उष्णता, वारा, हवेचा कोरडेपणा. बरोबर, बरोबर, बरोबर. लाल पेनने खुणा करत चालले होते आणि हात थांबला.

घाम येत नाही असं नाही. येतो, आणि दिसायच्या आत वाळतो. आम्ही समुद्राकाठची माणसं, अंग चिकचिकलं की उकडतंय म्हणतो, नाही चिकचिकलं की सुटलो म्हणतो. पोरगी तेच इथून घेऊन गेली. आणि हे इतकी वर्षं शिकवणारी मी, तिचं ऐकून गाढ झोपले.

फोन लागला नाही. धुळीचं वादळ असावं. उरलेले पेपर तसेच.

१९ एप्रिल
लागला. "पाणी किती पितेस?"
"पिते गं."
"किती?"
"वर चढायचं असलं की सकाळपासून कमीच पिते. वर गेल्यावर जाणार कुठे? बाथरूम खाली ऑफिसात, आणि ऑफिस केवढं लांब. मुली आम्ही दोघीच, पूनम आणि मी."

रागावणार, तोच आठवलं. आमच्या शाळेतल्या बाथरूमला कडी नव्हती तेव्हा मीही घरी येईपर्यंत पाणी पीत नव्हते. तिने लहानपणापासून भरलेली बाटली तशीच परत येताना पाहिली आहे. हे मी शिकवलं नाही म्हणायची सोय नाही.

एवढंच म्हणाले, "पी. बाकीचं नंतर बघू." नंतर काय बघणार, कुणास ठाऊक.

२५ एप्रिल
वारा पडलाय. दोन्हीकडे. विनय खुशीत, पहाटेच आंबे उतरवायचा झेला घेऊन बागेत. पेट्या भरून हातखंब्याला हायवेपर्यंत स्वतः सोडून आला. मला शाळेत काही सुचेना.

संध्याकाळी अनोळखी नंबर. पूनम. "आंटी, टेन्शन मत लो. केतकी को बस चक्कर आया था. सलाइन लगा है. अब तो मुझसे झगड़ रही है कि घर पे क्यों बताया."
मागून केतकीचा आवाज, "दे इकडे!" आणि मग मला, "मी ठीक आहे. उतरताना झालं. पट्टा होता. पडले नाही, लटकले फक्त."

फक्त.

विनय ओटीवर बसून राहिला. जेवला नाही.

२९ एप्रिल
ती बरी आहे. व्हिडिओवर गाल आत गेलेले दिसले. विनय म्हणतो, कॅमेऱ्याने तसं दिसतं.

वरिष्ठांनी तिला विचारलंय. साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर एक जागा आहे. हवी असेल तर सोमवारपर्यंत अर्ज करायचा. नाहीतर उन्हाळा तिथेच, पुढच्या आठवड्यापासून पुन्हा टॉवर.

विनय: "विचारायचं काय त्यात? अर्ज कर म्हणावं. सातारा म्हणजे घरच."
केतकी: "बाबांचं कळलं. पण अर्ज केला की सगळे म्हणणार, मुलगी होती, झेपलं नाही. मग पुढच्या मुलीला घेतील का? आणि पूनम राहतेय."
मी: "पूनम तिथलीच आहे."
"म्हणून तिला बाथरूम लागत नाही का?"
टॉवरजवळ बाथरूम हवं असा अर्ज मात्र दोघींनी दिलाय, सह्या करून. हे सांगताना आवाज जुन्यासारखा खणखणीत.

३० एप्रिल
विनयचं ऐकावं तर ती जन्मभर म्हणेल, तुम्ही ओढून आणलंत. न ऐकावं आणि पुन्हा काही झालं तर

पुढे लिहवत नाही.

२ मे
पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज आला. तिला पाठवायला उतरवून काढला. लिहून वाचला तर सगळी वाईट वाक्यं मी वर घेतली होती. दुसऱ्या आठवड्यात वारा वाढेल, तापमान थोडं उतरेल, हे शेवटी, तेही गाळल्यातच जमा. खोटं एक अक्षर नव्हतं. तरी ही लबाडीच. खोडलं.

नुसती लिंक पाठवायची? तेही बरं नाही.

३ मे, रविवार
सकाळी तिचा मेसेज: "आई, उद्या सांगायचंय. तुझं काय मत?"

दुपारभर बसून नीट लिहिलं. तापमान, वारा, रात्रीचा उकाडा, धुळीची शक्यता. जसं आहे तसं, वरखाली न करता. शेवटी लिहिलं, अंदाज अंदाजच असतो, निर्णय तुझा. विनयने चष्मा लावून वाचलं. "यात 'ये' कुठाय?" म्हणाला आणि उठून गेला.

पाठवलं. मला वाटलं, हीच प्रामाणिक गोष्ट.

पाच वाजता उत्तर आलं. "हे सगळं मी परवाच वाचलंय गं. मी अंदाज नव्हता विचारला. तुला काय वाटतं ते विचारलं होतं."

तेव्हापासून फोन हातात आहे. दोन शब्द लिहिते, पुसते. पुन्हा लिहिते. तिकडे तिच्या फोनवर मघापासून 'टाइप करत आहे' दिसत असणार, आणि ती बघत बसली असणार.